कोल्हापुरीच्या कारखान्याने पीआर सल्लागार नेमावा का?

प्रश्न : स. न. वि. वि. कोल्हापुरात आमचा चपलांचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी तो सुरू केला. आता हिशेब आणि विक्री मी पाहते. घरची चार आणि बाहेरची पाच अशी नऊ माणसे कामाला आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलेच कातडे आम्ही घेतो. चपलांवरच्या चामड्याच्या वेण्या घरातल्या बायका घालतात. वर्षाला साधारण ३,००० जोड होतात. लग्नसराईत मागणी पुरवता येत नाही आणि पावसाळ्याचे चार महिने काम निम्म्यावर येते. सत्तर टक्के माल दुकानदारांना जातो, त्यात सगळा खर्च वजा जाता जोडामागे ३०० रुपये सुटतात. उरलेला माल आम्ही थेट गिऱ्हाइकाला विकतो, त्यात ७०० सुटतात. उलाढाल ४५ लाखांच्या आसपास आहे आणि जीएसटी छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कॉम्पोझिशन योजनेत भरतो.

प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या प्रकरणानंतर आमच्या धंद्याकडे लोकांचे लक्ष गेले. मुंबईच्या एका पीआर (जनसंपर्क) एजन्सीने प्रस्ताव दिला आहे : दरमहा ६०,००० रुपये आणि वर जीएसटी, करार किमान सहा महिन्यांचा, पहिल्या तीन महिन्यांचे पैसे आगाऊ आणि किमान पंधरा बातम्यांची हमी. सुरुवात १ जूनपासून. त्यांनी प्रसिद्धिपत्रकाचा नमुनाही पाठवला आहे. त्यात ‘ज्या चपलेने प्राडाला भुरळ घातली, ती घडवणारे घराणे’ आणि ‘जीआय मानांकित’ (म्हणजे भौगोलिक मानांकन असलेले) असे शब्द आहेत. दुसरीकडे, पूर्वी वृत्तपत्रात असलेल्या आणि आता स्वतंत्रपणे प्रसिद्धीची कामे घेणाऱ्या एक बाई दरमहा १८,००० मागतात, पण हमी कसलीच देत नाहीत. मिस्टरांना हमीवाली एजन्सी बरी वाटते. सासरे म्हणतात, चप्पल करकरली की माणूस आपसूक वळून बघतो, पैसे देऊन कशाला बोलवायचा? परवा इचलकरंजीचे एक गृहस्थ मामंजींनी पंचवीस वर्षांपूर्वी केलेली ‘कापशी’ प्रकारची चप्पल घेऊन टाच बदलून घ्यायला आले, तेव्हापासून तर ते या विषयावर ऐकायलाच तयार नाहीत. मी काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे. मुंबईच्या एजन्सीच्या करारावर सही करू नये. सल्लागार नेमायचाच असेल तर दुसऱ्या बाईंचा विचार करावा, मात्र जूनपासून नको आणि सध्या तीन महिन्यांपेक्षा अधिक नको. हे लिहिताना माझी बाजूही आपल्यासमोर ठेवतो. मी बरीच वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली असून तिथे रोज येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकांची चळत उपसणे हा माझ्या कामाचा भाग होता. त्यामुळे या व्यवसायाबद्दल मला थोडा आदर आणि बरीचशी शंका, अशा दोन्ही गोष्टी आहेत.

जाहिरातीत आपण जागा विकत घेतो आणि तिथे काय छापायचे ते आपण ठरवतो. जनसंपर्कात जागा विकत घेतलेली नसते. सल्लागार पत्रकाराला विषय सुचवतो, माहिती आणि छायाचित्रे पुरवतो, भेट घडवून आणतो, आणि छापायचे की नाही, काय छापायचे, हे संपादक ठरवतो. हा फरक या व्यवसायाच्या मुळाशी आहे. अमेरिकेत आयव्ही ली या माजी पत्रकाराने १९०६ मध्ये वृत्तपत्रांना एक जाहीरनामा पाठवला होता. आमचे काम उघड चालते, ही जाहिरात संस्था नाही, आणि आमचा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असे आपल्याला वाटले तर तो वापरू नका, असा त्याचा आशय होता. त्याच लीवर पुढे बड्या उद्योगपतींची वकिली केल्याबद्दल भरपूर टीका झाली, ती गोष्ट वेगळी. पण छापण्याचा निर्णय ज्याच्या हातात नाही, त्याने छापून येण्याची हमी द्यायची नसते, एवढे तेव्हापासून स्पष्ट आहे.

मग ही एजन्सी पंधरा बातम्यांची हमी कशाच्या जोरावर देते? मला माहीत असलेले मार्ग दोन-तीनच आहेत. पहिला म्हणजे पैसे मोजून घेतलेला मजकूर. जिल्हा आवृत्त्यांच्या पुरवण्यांत ‘यशोगाथा’, ‘उद्योगभरारी’ अशा मथळ्यांखाली अर्धे-पाव पान येते आणि कोपऱ्यात बारीक टाइपात ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे छापलेले असते. जाहिरात ही बातमीपासून स्पष्टपणे वेगळी दिसली पाहिजे, असा प्रेस कौन्सिलचा दंडक आहे, त्यामुळे असा उल्लेख असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त ती जाहिरात असते आणि तिचा दर आपल्याला जाहिरात विभागाकडून थेट कळू शकतो. दुसरा मार्ग वृत्तसंकेतस्थळांचा. पैसे भरले की एकच प्रसिद्धिपत्रक अनेक संकेतस्थळांवर एकाच दिवशी, एकाच शब्दांत चढते. खाली ‘या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही’ अशा अर्थाची ओळ असते, ती कोणी वाचत नाही, आणि खरे सांगायचे तर वरचा मजकूरही कोणी वाचत नाही. एका पत्रकाचे असे वीस दुवे झाले की एजन्सीच्या हिशेबात त्या वीस बातम्या होतात, आणि पंधराची हमी पहिल्याच आठवड्यात पुरी होते. तिसरा मार्ग पत्रकाराला पाकीट देण्याचा. त्याविषयी अधिक लिहीत नाही. ज्याने आपल्या वतीने असे केले, त्याने आपले नाव गहाण टाकले, असे समजावे.

आपल्यासमोरच्या प्रस्तावात हमीचा अर्थ काय आहे, हे शोधून काढणे अवघड नाही. एजन्सीला लेखी विचारा की गेल्या वर्षभरात आपल्याएवढ्या छोट्या एखाद्या व्यवसायासाठी त्यांनी मिळवलेल्या बातम्यांची यादी द्यावी आणि त्यातल्या कोणत्या बातम्यांसाठी, कोणत्याही स्वरूपात, माध्यमाला पैसे दिले गेले होते ते खूण करून दाखवावे. यादी आली की त्यातले पाच दुवे उघडून तळापर्यंत वाचा, आणि बातमीखाली वार्ताहराचे नाव आहे की ‘ब्रँड डेस्क’सारखे काही आहे, ते पाहा. वार्ताहर कारखान्यात येऊन गेल्याची एखादी तरी खूण मजकुरात सापडते का, हेही पाहा. ज्याने स्वतः पाहून लिहिले आहे, त्याच्या लेखात एखादी अशी गोष्ट असते जी प्रसिद्धिपत्रकात सुचणारच नाही. यादी द्यायलाच टाळाटाळ झाली, तर पुढचे काही विचारण्याची गरज नाही.

याच ओघात आणखी एका गोष्टीबद्दल सावध करतो. महिन्याच्या अखेरीस एजन्सी एक अहवाल देईल. त्यात प्रत्येक बातमीने व्यापलेली जागा मोजून, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावून, ‘आपल्याला इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असा आकडा असेल. बार्सिलोना येथे २०१० मध्ये या व्यवसायातल्याच लोकांनी मोजमापाची जी तत्त्वे मान्य केली, त्यांत जाहिरातीच्या दरावरून काढलेले हे मूल्य म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे साफ म्हटले आहे. तरीही तो आकडा आजही सर्रास दिला जातो, कारण तो नेहमी फीपेक्षा मोठा येतो. आपण आपला अहवाल आपल्याच वहीत ठेवा. दुकानात येणाऱ्या किंवा फोन करणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ एवढे विचारा आणि उत्तर तारखेसकट लिहा. करार सुरू होण्याच्या निदान एक महिना आधीपासून हे लिहायला लागा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

आता पैशांकडे येतो, कारण आपण आकडे मोकळेपणाने दिले आहेत आणि खरे उत्तर त्यांतच आहे. ६०,००० वर १८ टक्के जीएसटी धरला तर महिन्याला ७०,८०० आणि सहा महिन्यांचे ४,२४,८०० रुपये होतात. नियमित पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला सेवेवरचा हा कर पुढे वळता करून घेता येतो. कॉम्पोझिशनमध्ये ती सोय नाही, म्हणून तो पूर्ण आपल्या खिशातून जाईल. त्या बदल्यात काय मिळू शकते? अधिक जोड विकणे हे आपले उद्दिष्ट असूच शकत नाही, कारण लग्नसराईत आहे तीच मागणी पुरत नाही आणि वेणी घालणारे हात बातमी आल्याने वाढत नाहीत. आपला फायदा वाढायचा तर दुकानदाराला जाणारा माल थोडा कमी होऊन थेट गिऱ्हाइकाला जाणारा वाढला पाहिजे. समजा प्रसिद्धीमुळे सत्तर-तीसचे प्रमाण पन्नास-पन्नास झाले. म्हणजे वर्षाचे ६०० जोड ३०० ऐवजी ७०० रुपये देऊ लागले. जोडामागे ४०० प्रमाणे वर्षाला २,४०,००० रुपये अधिक, महिन्याला वीस हजार. सगळे मनासारखे घडले, पहिल्या दिवसापासून घडले आणि पुढे टिकले, तरी एजन्सीचे पैसे फिटायला एकवीस महिने लागतील. आपल्या उलाढालीच्या जवळजवळ दहावा हिस्सा एवढ्या आशेवर गुंतवावा, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या बाईंचे तीन महिन्यांचे ५४,००० होतात. तिथे ६०० जोडांचे स्वप्नही पाहायला नको. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे वर्षभरात १५० जोड दुकानदाराकडून थेट विक्रीकडे वळले, तरी ६०,००० रुपये अधिक सुटतात आणि वर्षात खर्च निघतो. आठवड्याला तीन जोड. एवढे होऊ शकते असे मी म्हणेन. होईलच असे म्हणणार नाही, आणि त्या बाईही म्हणत नाहीत, हीच त्यांच्या बाजूची मला सर्वांत जमेची गोष्ट वाटते.

कॉम्पोझिशनचा उल्लेख आपण सहज केला आहे, पण एजन्सीने तो विचारलाच नसेल, अशी मला दाट शंका आहे. या योजनेतल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. पुण्याला, नाशिकला, नागपूरला कुरिअर करा, हरकत नाही. पण कोल्हापूरपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या निपाणीला चपलेचा जोड पाठवला तरी तो आंतरराज्य व्यवहार होतो, कारण निपाणी कर्नाटकात आहे. आता विचार करा : एजन्सीने जीव तोडून काम केले, दिल्ली-बंगळुरूच्या इंग्रजी पत्रांत आपल्यावर छान लेख आला आणि दुसऱ्या दिवशी तिकडून शंभर फोन आले. त्यांतल्या एकालाही आपण कायदेशीरपणे माल पाठवू शकणार नाही. नियमित पद्धतीत जायचे की नाही, हा आपल्या सीएशी बसून घेण्याचा निर्णय आहे. त्यात हिशेबाचे काम वाढते, दर महिन्याची किंवा तिमाहीची विवरणपत्रे येतात, पण राज्याबाहेरचे गिऱ्हाईक खुले होते आणि खरेदीवरचा कर वळता करता येतो. तो निर्णय आधी झाला पाहिजे आणि प्रसिद्धी कुठे मिळवायची हे त्यानंतर ठरले पाहिजे. तोवर पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक येथील मराठी वाचक आपल्याला पुरेसा आहे.

प्रसिद्धिपत्रकाच्या नमुन्यातल्या दोन वाक्यांवर मात्र मला जरा कडक बोलावे लागेल. ‘ज्या चपलेने प्राडाला भुरळ घातली, ती घडवणारे घराणे’ हे वाक्य चलाखीने रचलेले आहे. प्रत्येक शब्दाचे स्पष्टीकरण देता येते आणि तरीही वाचणाऱ्याची समजूत अशी होते की प्राडाने आपल्याच कारखान्यातून काही नेले. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव त्यांनी घेतले नव्हते. संतापाची लाट उठली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले आणि मग त्या कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. पुढे डिसेंबरमध्ये आपले लिडकॉम आणि कर्नाटकचे लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी त्यांचा करार झाला. या सगळ्यात आपला कारखाना कुठेही नाही. उद्या एखाद्या वार्ताहराने ‘प्राडाशी आपला नेमका संबंध काय?’ असे विचारले, तर फोन एजन्सीला येणार नाही, आपल्याला येईल. तेच वाक्य आपण डब्यावर किंवा इन्स्टाग्रामवर वापरले तर ती जाहिरात होते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय कोल्हापुरातल्या प्रत्येक चप्पलवाल्याला गेल्या वर्षभरात हेच वाक्य सुचलेले आहे. शंभराव्या माणसाने तीच गोष्ट सांगितली तर डेस्कवरचा उपसंपादक ते पत्रक पहिल्या ओळीवरच बाजूला ठेवतो.

जीआयचेही तसेच. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. मानांकन लिडकॉम आणि लिडकर या दोन महामंडळांच्या नावे नोंदलेले आहे. जिल्ह्यात कारखाना असला म्हणजे मानांकन आपोआप वापरता येते, अशी अनेकांची समजूत असते, ती चुकीची आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. आपली नोंदणी झाली आहे की नाही, याचा पत्रात उल्लेख नाही. झालेली असेल तर प्रमाणपत्र क्रमांकासह अभिमानाने लिहा. नसेल तर लिडकॉमकडे चौकशी करून अर्ज करा आणि नोंदणी हातात पडेपर्यंत तो शब्द कुठेही छापू नका. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे आपण वापरता. ज्यांच्याकडे ते नाही, तेही हा शब्द सर्रास वापरतात म्हणून आपणही वापरावा, हे गणित उलटे आहे. नोंदणीसाठी जी धावपळ होईल, ती सहा महिन्यांच्या बातम्यांपेक्षा जास्त काळ उपयोगी पडेल.

एजन्सीच्या मसुद्याला जे सुचले नाही, ते आपल्याच पत्राच्या शेवटी, तक्रारीच्या सुरात येऊन गेले आहे. इचलकरंजीचे गृहस्थ पंचवीस वर्षांपूर्वीची कापशी टाच बदलायला घेऊन येतात आणि ज्यांनी ती केली तेच मामंजी ती दुरुस्त करायला बसतात, ही बातमी आहे. डेस्कवर असतो तर ही मी रविवारच्या पानासाठी ठेवून घेतली असती. ‘शाहू महाराजांच्या काळापासूनची परंपरा’ ही ओळ प्रत्येक पत्रकात असते आणि ती खोटी नसली तरी त्यामुळे कोणी आपल्याकडेच का यावे, हे कळत नाही. पंचवीस वर्षे टिकलेली चप्पल मात्र सगळे सांगते : कातडे कसले आहे, टाके हाताचे का असतात, टाच झिजली तर चप्पल टाकावी लागत नाही, रस्त्यावरच्या स्वस्त जोडाशी किमतीची तुलना का करू नये. ज्या वाचकाला हे पटेल, तो दुकानदाराकडे न जाता आपला पत्ता शोधत येईल, आणि आपल्याला हवे आहे ते गिऱ्हाईक हेच. तेव्हा मामंजींना या विषयातून वगळू नका. त्यांचा विरोध पैसे देऊन गर्दी जमवण्याला आहे, आणि तो बरोबर आहे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाची गोष्ट वार्ताहराला सांगायला ते नाही म्हणतील, असे मला वाटत नाही. म्हणालेच, तर आग्रह करू नये.

आता स्वतंत्रपणे काम करणाऱ्या बाईंविषयी. त्या पूर्वी वृत्तपत्रात होत्या एवढ्यावर भुलू नये. या व्यवसायाला आपल्याकडे परवाना लागत नाही, ओळखपत्र छापले की कोणीही सल्लागार होतो, आणि वृत्तपत्रातली ओळख ही माणसे बदलली की दोन-तीन वर्षांत शिळी होते. त्यांना कारखान्यात बोलवा, तासभर काम पाहू द्या आणि त्या काय विचारतात याकडे लक्ष ठेवा. ज्या ‘तुमचं बजेट किती?’ इथून सुरुवात करतात, त्या विक्रेत्या आहेत. ज्या वेणी कोण घालते, एका जोडाला किती दिवस लागतात, पावसाळ्यात कारागीर काय करतात, असे विचारतात, त्यांच्या डोक्यात लेख तयार होऊ लागलेला असतो. त्यांच्या सध्याच्या एका आणि सोडून गेलेल्या एका गिऱ्हाइकाशी बोला. सोडून गेलेल्याचे बोलणे अधिक उपयोगी असते. तो पैशांच्या बाबतीत कधी वाजले ते सांगतो. दुसऱ्या कोणा चप्पल उत्पादकाचे काम त्या करतात का, हे सरळ विचारा. करत असतील तर त्यात लपवण्यासारखे काही नाही, पण वार्ताहर आला की त्या आधी कोणाच्या दारात नेणार, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

करार दोन पानांचा पुरे, पण लेखी हवा. पैसे महिना संपल्यावर द्यावेत, फार तर पहिल्या महिन्याचे निम्मे आगाऊ. तीस दिवसांच्या सूचनेवर कोणालाही बाहेर पडता यावे. प्रवास, छायाचित्रकार असे वरचे खर्च आपल्या लेखी संमतीशिवाय होऊ नयेत. आपल्या नावाने बाहेर जाणारा प्रत्येक शब्द आधी आपण वाचून होकार दिलेला असावा, आणि कोणत्याही माध्यमाला पैसे देऊन मजकूर छापून आणायचा असेल तर तो जाहिरात म्हणून वेगळा ठरवावा. छायाचित्रांची मूळ प्रत आणि समाजमाध्यमांवरच्या खात्यांचे पासवर्ड आपल्याकडेच राहावेत. हे शेवटचे कलम क्षुल्लक वाटते. पण माझ्या परिचयातल्या एका लोणचेवाल्या बाईंनी सल्लागाराशी वाद झाल्यावर आपलेच तीन वर्षांचे पान गमावलेले मी पाहिले आहे, आणि ते परत मिळवायला त्यांना पुन्हा पैसे मोजावे लागले. ज्या महिन्यात एकही बातमी आली नाही, त्या महिन्याचे पैसेही द्यावे लागतील, हे मात्र मनाशी धरून चाला. आपण त्यांच्या कष्टाचे पैसे देता, छापून येण्याचे नाही. त्या महिन्यात त्या कोणाशी बोलल्या आणि काय उत्तर मिळाले, याचा एक पानाचा लेखी तपशील मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

जूनपासून नको, असे सुरुवातीला म्हटले त्याचे कारण आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पावसात कोल्हापुरी कोणी घेत नाही. पाणी लागले की असे कातडे फुगते आणि चप्पल हातची जाते. जून ते सप्टेंबर प्रसिद्धी मिळाली तरी ती वाचणारा ‘दिवाळीत बघू’ म्हणून पान उलटेल आणि दिवाळीपर्यंत विसरेल. एजन्सीच्या सहा महिन्यांतले चार असेच वाहून जाणार होते, आणि त्यांच्या ते लक्षातही आलेले दिसत नाही. आपण ऑगस्टच्या मध्यापासून तीन महिने धरावेत. अंबाबाईच्या नवरात्रात आणि शाही दसऱ्याला बाहेरगावची माणसे कोल्हापुरात येतात, त्या सुमाराच्या पुरवण्यांचे विषय काही आठवडे आधी ठरतात, आणि त्यानंतर दिवाळी व लग्नाची खरेदी लागते. मधले जून-जुलै मोकळे नाहीत. जीआय नोंदणीची चौकशी, सीएशी बैठक, चांगल्या छायाचित्रकाराकडून पंचवीस-तीस छायाचित्रे, आणि पुण्या-मुंबईहून फोनवर मागणी आली तर पायाचे माप कसे घ्यायचे, जोड किती दिवसांत पोचेल, बसला नाही तर काय, याची ठरलेली उत्तरे, एवढे काम त्यात आहे. लेख आल्यावर पहिल्या दोन दिवसांत येणारे फोन कोणी उचलले नाहीत तर सल्लागाराला दोष देता येणार नाही.

मिस्टरांना हमी हवी आहे, ते स्वाभाविक आहे. व्यापारात पैसे देताना माणूस काहीतरी पक्के मागतोच. त्यांच्यासमोर एकवीस महिन्यांचा हिशेब ठेवा आणि मग एजन्सीला एकच विचारायला सांगा : हमी पंधरा बातम्यांऐवजी पंधरा नव्या थेट गिऱ्हाइकांची द्याल का?

आणि ती कापशी अजून कारखान्यातच असेल, तर नवी टाच बसवण्याआधी तिचे झिजलेल्या टाचेसकट फोटो काढून घ्या. इचलकरंजीच्या गृहस्थांना विचारून.